लाकडी क्लॅरनेट धुवायचं नसतं

मयतीहून परत आलो की आई दारात उभी असायची. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात कडुनिंबाची डहाळी. मी उंबऱ्याबाहेरच पाला चावायचा, अंगावर पाणी घ्यायचं आणि मग क्लॅरनेट तिच्या हातात द्यायचं. ती त्याच्या वरच्या तोंडातून लोटाभर पाणी ओतायची, ते खालच्या पसरट तोंडातून अंगणात पडायचं. मग ती ते फडक्याने पुसून उन्हात ठेवायची. ते वाळलं की मगच आम्ही दोघे, मी आणि क्लॅरनेट, घरात जायचो.

मी चंद्रपुरात एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. दिवसा मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो, कारण बँडवर पोट भरत नाही. आमच्याकडे म्हातारं माणूस भरल्या घरातून गेलं की त्याला वाजतगाजत नेतात, त्यामुळे लग्नाचे दिवस संपले तरी बँडला काम असतं. स्मशानातून निघताना आमचे पितळी वाद्यवाले आपापलं वाद्य हातपंपाखाली धरतात. ढोलवाले नुसते चार थेंब शिंपडतात. असं का करतात हे कोणी कोणाला विचारत नाही. विचारलंच तर म्हणतात, असंच असते.

मला या धुण्याचा राग यायचा. पाण्याने चाव्यांखालचे पॅड फुगायचे आणि ते बदलत बसणं माझ्याच नशिबी. त्यात आम्ही बौद्ध. आई तर लहानपणापासून विहारात जाणारी. आमच्या घरात आत्मा नाही, भूत नाही, सुतक नाही. मी तिला चिडवायचो, "बाकी सगळं सोडलं, ही बादली काऊन नाई सोडली?" ती म्हणायची, "मसणातली धूळ असते बाबू. धूळ तर मानतोस ना?" माझं क्लॅरनेट प्लास्टिकचं होतं, पॅड सोडले तर धुतल्याने त्याचं काही बिघडत नव्हतं.

पण ते शिकाऊ पोरांचं वाद्य होतं. मी त्यावर शिकलो, त्यावरच माझे केस पांढरे व्हायला लागले. वरचे सूर ठीक निघायचे. खाली उतरलो की आवाज पोकळ व्हायचा, फुंकणीतून चूल फुंकावी तसा. मयतीत सगळा बँड हळू होतो आणि क्लॅरनेट एकटं पुढे गातं. तिथे माझं पितळ उघडं पडायचं. आमचे मास्तर एकदा म्हणाले, "तुह्या बोटात आहे, गळ्यात नाई. लाकडी घे." हे मला इतकं लागलं की पुढचे कित्येक महिने मी दुसरा विचार केला नाही.

पठाणपुऱ्याच्या एका गल्लीत बाजाच्या पेट्या आणि बँडची वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे दोन लाकडी क्लॅरनेट विकायला होती. एक नवं, शिसमाचं, तांबूस, चकचकीत पॉलिश केलेलं. दुसरं जुनं, काळं, परदेशी लाकडाचं. त्याच्या चाव्यांवरचा मुलामा बोटांनी झिजला होता. मी आपलं माउथपीस आणि त्यावर बसवायची वेताची पट्टी, आपली रीड, घेऊन गेलो होतो, कारण दुसऱ्याच्या माउथपीसवर वाजवून वाद्य घेणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून रस्ता ठरवणं. चाचांनी दोन्ही वाद्यं आधी काखेत धरून गरम करायला लावली. मग मी क्लॅरनेटचे जोड सुटे करून प्रत्येक जोडाचं एक तोंड तळहाताने बंद केलं, भोकं बोटांनी झाकली आणि दुसऱ्या तोंडाने हवा ओढली. हवा आत शिरली तर पॅड गळतात. दोन्ही घट्ट होती. उजेडात धरून वरच्या भोकांच्या मधे चीर आहे का तेही पाहिलं.

शिसमाचं चांगलं होतं. आवाज गोड, सूर सरळ. खरं तर तेच घ्यायला हवं होतं.

मग मी काळं वाजवलं. सर्वात खालच्या सुरापासून सुरुवात केली, आणि कोपऱ्यातून कोणीतरी दबक्या आवाजात कुरकुरलं. मी थांबलो. तेही थांबलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा कुरकुर. चाचा हसले. कोपऱ्यात एक साइड ड्रम पडला होता, त्याच्या पोटाखालच्या तारा त्या सुराने थरथरत होत्या. एवढंच. पण शिसमाचं मी तोच सूर धरून वाजवलं होतं, तेव्हा तारा गप्प होत्या. मी काळ्यावर बोट ठेवून म्हणालो, हे.

"इसको पानी नहीं दिखाना," चाचा म्हणाले. "वाजवून झालं की आतून कोरडं फडकं फिरवायचं. बस. लकडी पाणी पिते, फूलती है, मग उन्हात तडकते." क्लॅरनेटची पेटी बंद करता करता त्यांनी विचारलं, "मयतीले जाता क्या?"

मी हो म्हणालो.

"जिसका था, वो नहीं ले जाता था. तिकडे प्लास्टिकवालंच न्यायचा." का, ते मी विचारलं नाही. धुता येत नाही म्हणून, असं मीच समजून घेतलं. समजून घेण्यासारखं त्यात एवढंच होतं.

घरी आल्यावर आईने ते नाकाशी धरलं. बाबा बल्लारशाच्या लाकूड डेपोत होते आणि तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं, मार्कंड्याच्या अलीकडे, रानाला लागून. साग, ऐन, बिजा, तिवस, तिला सगळं वासावरून कळायचं. बराच वेळ वास घेऊन ती म्हणाली, "हे आपल्या रानातलं नाई. याले आपल्याकडची रीत माहीत नसन." मला हसू आलं. मी तिला चाचांनी सांगितलेलं सांगितलं, पाणी लावायचं नाही म्हणून. तिचा चेहरा जरा उतरला. "म्हणजे मयतीहून आल्यावर तसंच घरात?" "तसंच," मी म्हणालो. "आत्मा नाई ना आपल्यात?"

पहिली मयत तुकूमकडे होती. मी काळं क्लॅरनेट लावलं आणि खाली उतरलो. तसा आवाज माझ्या हातून कधी निघाला नव्हता. मास्तरांनी मागे वळून पाहिलं. रडणारी माणसं रडायची थांबली आणि ऐकू लागली, मग पुन्हा रडली, जास्त. मला खोटं बोलता येणार नाही, त्या दिवशी मला आनंद झाला होता. स्मशानाच्या हातपंपावर सगळ्यांनी आपापलं वाद्य धुतलं. मी आतून कोरडं फडकं फिरवलं आणि पेटी बंद केली. परतताना टेम्पोत माझ्या शेजारी जागा रिकामी राहिली आणि दोघेजण उभ्याने आले.

मयतीच्या दिवशी मी दुकान उघडत नाही. एरवी सकाळी डबा घेऊन निघतो ते दिवेलागणीलाच परततो. दुपारी घरी असण्याची मला सवय नाही. उन्हाळ्यात चंद्रपूरची दुपार म्हणजे पांढरा उजेड आणि बंद दारं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी आंघोळ करून पेटी कपाटावर ठेवली आणि जमिनीवर आडवा झालो. वीज गेली होती, कूलर बंद. आई खाटेवर डोळे मिटून पडली होती.

कपाटावर टक् असं वाजलं.

"कोण आलं?" आईने विचारलं.

"कोणी नाई. लाकूड वाळून राह्यलं."

"बाई आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "खोकलून राह्यली. बस म्हणा तिले."

दुपारी खाणीत सुरुंग उडतात तेव्हा आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात. वीटभट्टीचे ट्रक जातात. लाकूड ओलं असतं, कोरडं होतं, आवाज करतं. मी हे सगळं मनात मांडून बघितलं आणि ते बरोबर होतं. फक्त मयत बाईची होती, ती दम्याने गेली होती, आणि आईला मी त्यातलं काही सांगितलं नव्हतं. फोन आला तेव्हा तिने ऐकलं असेल. मी तेच धरून बसलो.

पुढची मयत वरोऱ्याकडची होती. कापसाच्या धंद्यातला एक म्हातारा. त्या दुपारी आई उठून बसली आणि मला म्हणाली, "त्याले पाणी दे. उन्हातून आला." मी म्हणालो, कोणाले? ती म्हणाली, "तुह्या मागं आला तो." मी पाणी दिलं नाही. तिने स्वतः उठून पेला भरला आणि कपाटाजवळच्या खुर्चीपाशी जमिनीवर ठेवला. संध्याकाळी पेला भरलेलाच होता. मला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लाजही वाटली. आपण कशाची वाट बघत होतो?

मग ती बदलली. तिची रोजची कुरकुर कमी झाली. केस विंचरून बसायला लागली. मयतीच्या दुपारी आतल्या खोलीतून मला तिचं बोलणं ऐकू यायचं, हळू आवाजात, मधे मधे थांबून, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं. कापसाचा भाव, कोणाची सून, कोणत्या गावाला पुलावरून पाणी गेलं. मी दारात गेलो की गप्प व्हायची. एकदा मी रागावून विचारलं, "आत्मा नसते म्हणतेस ना? मग येते कोण?"

"आत्मा नाईच," ती ठाम म्हणाली. "पण कोणीतरी येते बावा. बोलते बसून. दिवसभर मले बोलाले कोणी नसते."

मी जाऊन दाराबाहेर उभा राहिलो. रस्ता भाजत होता.

त्यानंतर मी युक्ती केली. मयतीला प्लास्टिकचं न्यायला लागलो, पण तिला कळू नये म्हणून लाकडीच्या पेटीत घालून. स्मशानातच ते धुऊन घ्यायचो. पहिल्यांदा तसं केलं त्या दुपारी ती केस विंचरून बसली, कपाटाकडे बघत राहिली, आणि ऊन उतरलं तशी पुन्हा आडवी झाली. "आज कोणी नाई आलं," म्हणाली. "धुऊन आणलंस ना?" पुढे दोन-तीनदा असंच झालं. ती जेवेनाशी झाली. सकाळी चहा देताना विचारायची, "कुठी मयत आहे का आज?" सकाळी चहाबरोबर असलं काही ऐकणं फार वाईट असतं. शेवटी मी हरलो आणि लाकडी परत न्यायला लागलो. शिवाय, खरं सांगायचं तर, मलाही ते पाहिजे होतं. त्याच्याशिवाय मी पुन्हा फुंकणीतून फुंकत होतो.

लाकडी नेलं त्या पहिल्याच खेपेला मूल गावाकडच्या रोडवरची एक म्हातारी गेली होती. दुपारी आई बराच वेळ बोलत होती. नंतर मला हाक मारून म्हणाली, "चांगली आहे बाई. म्हणे, चला ना बाई माह्यासंगं. एकटीनं जाववत नाई म्हणते."

मी तिच्या खाटेशी जाऊन बसलो. "मग तू काय म्हणाली?"

"म्हटलं, पोराले विचारतो."

मी काय मानतो आणि काय मानत नाही हे मला त्या क्षणी एका बाजूला ठेवावं लागलं. आई डोळ्यांदेखत वाळत होती. डॉक्टर म्हणत होते रक्त कमी आहे, वय आहे. मला मात्र एवढंच दिसत होतं की मी स्वतःच्या हाताने घरात एकेकाला आणून बसवतो आहे आणि ते तिला उठवून न्यायला बघत आहेत. पुढच्या मयतीहून आलो तेव्हा आई दारात उभी होती, बादली माझ्या आंघोळीपुरती, नजर माझ्या खांद्यामागे. कोणीतरी पाहुणं येतंय असं बघत होती ती. मी पेटी उघडली, काळं क्लॅरनेट काढलं आणि लोटाभर पाणी त्याच्या तोंडातून सोडून दिलं. मग अजून एक लोटा. सगळी बादली. आई "अरे, अरे" म्हणत राहिली.

ते मी उन्हात ठेवलं, प्लास्टिकचं ठेवायचो तसं. चाचांनी सांगितलेलं मला पाठ होतं. तरी ठेवलं. आम्ही दोघे आत बसलो होतो तेव्हा अंगणातून आवाज आला. नेहमीचं टक् नाही, वाळकी फांदी मोडावी तसा. मी बाहेर गेलो. वरच्या जोडावर, भोकाच्या कडेपासून, बोटाच्या पेरापेक्षा लांब चीर गेली होती.

मी ते हातात घेऊन खाली बसलो. रडू येत होतं, आणि कशासाठी येतंय ते धड कळत नव्हतं. आई बाहेर आली, भिंतीला धरून माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "तुह्या बाबाच्या वेळी प्लास्टिकचं होतं."

"हो."

"तू वाजवत गेल्तास. परत आलास. मीच धुतलं." तिने क्लॅरनेट माझ्या हातातून घेतलं आणि चिरेवर अंगठा फिरवला. "मले काय माहीत रे बाबू. त्याले मीच दारातून परत पाठवलं."

मी म्हणालो, आई, असं काही नसते. मी हे दोनदा म्हणालो.

"नसन," ती म्हणाली. "पण मले नेशील तेव्हा हेच वाजवजो. अन् दारात धुऊ नको."

चाचांनी वाद्य हातात घेतल्याबरोबर माझ्याकडे बघितलं. "पिलाया ना पानी?" मी मान खाली घातली. त्यांनी चिरेत काळ्या लाकडाचा भुगा आणि डिंकासारखं काहीतरी भरलं, घासलं, वरून बारीक रेशमी दोरा आवळून बांधला. "बजेगा," म्हणाले, "पण ही जागा आता कायम सांगत राहील." वाजवलं तर खालचे सूर होते तसे होते. फक्त त्यांच्या मागे बारीक घरघर आली होती, छातीत कफ असल्यासारखी. दुरुस्तीचे तेवढे दिवस मी मयती सोडून दिल्या आणि त्यानंतरही बरेच महिने घेतल्या नाहीत. आईने पुन्हा काही मागितलं नाही. पाऊसकाळ काढला तिने. भामरागडचा रस्ता बंद झाल्याच्या बातम्या आल्या की, तिथे कोणी नव्हतं आमचं, तरी म्हणायची, "पोचतीन कशे बिचारे घरी?" थंडी पडायच्या आत एका सकाळी, मी डबा भरत असताना, ती गेली.

विहारातली माणसं आली, त्रिसरण-पंचशील झालं. मास्तर म्हणाले, "तू खांदा दे, मी दुसऱ्याले वाजवाले सांगतो." मी म्हणालो, खांदा द्यायला भाऊबंद आहेत. मी तिच्या पुढे चाललो आणि दोरा बांधलेलं ते काळं क्लॅरनेट घराच्या दारापासून स्मशानाच्या दारापर्यंत वाजवलं. घरघर सगळ्या रस्त्याला ऐकू जात होती. मी ती लपवली नाही.

परत आलो तेव्हा दारात शेजारची बाई बादली घेऊन उभी होती. मी पाला चावला, अंगावर पाणी घेतलं. पेटी मी तेवढा वेळ डोक्यावर उंच धरली होती. बाईने पेटीकडे हात केला.

"हे नाई धुवायचं," मी म्हणालो. "लाकडी आहे. तडकते."

"बरं भाऊ," ती म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

मी आत आलो. पेटी कपाटावर न ठेवता आईच्या खाटेवर ठेवली आणि उघडली. त्या दुपारी ते वाजलं की नाही, हे मी सांगणार नाही. लाकूड होतं, फुंकून ओलं झालेलं होतं, आणि खाणीतले सुरुंगही होते.

ते क्लॅरनेट मी त्यानंतर कुठल्याच मयतीला नेलं नाही. तिथे प्लास्टिकचंच नेतो आणि हातपंपावर नीट धुतो. आत्मा मी आजही मानत नाही. पण हल्ली दुकान बंद करून दुपारी जेवायला घरी येतो. दिवसभर तिला बोलायला कोणी नसतं.